हलका आठवडा: थांबायचं कधी, हे ठरवणार कोण?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय जिमचा आहे, पण प्रोटीन पावडरचा नाही. आज इतिहास बघायचाय, आणि तोही वजन उचलण्याचा नाही तर वजन खाली ठेवण्याचा.

तुमच्या फोनमध्ये व्यायामाचं एखादं अ‍ॅप असेल, तर त्यात बहुतेक एक आकडा दिसत असेल. स्ट्रीक. सलग ४१ दिवस. एक दिवस चुकला की थेट शून्य. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे शून्य कुठून येतं ते मला माहीत आहे. कालची तारीख आणि आजची तारीख यांची तुलना करणारी एक साधी अट असते, दोन-चार ओळींचा कोड. तुमचा खांदा दुखतोय का, काल रात्री झोप किती झाली, हे त्या कोडला विचारताच येत नाही. आणि तरीही तो आकडा तुटू नये म्हणून ताप असताना जिमला जाणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

वजन उचलणाऱ्या माणसानं थांबायचं कधी, हे ठरवणार कोण? त्याचं शरीर, त्याचा कोच, की कॅलेंडर? हा प्रश्न अ‍ॅपच्या जमान्यातला वाटतो, पण तो फार जुना आहे.

आज याला एक नाव आहे, डीलोड. म्हणजे काही आठवडे जोरात मेहनत केल्यावर, आधीपासून ठरवून घेतलेला एक हलका आठवडा. त्यात जिम बंदच ठेवायची असं नाही. जायचं, हात-पाय हलवायचे, पण वजन किंवा सेट मुद्दाम कमी करायचे. दुखापत झाली म्हणून घेतलेली सुट्टी म्हणजे डीलोड नव्हे. दुखापत व्हायच्या आधी घेतलेली, वहीत लिहून ठेवलेली विश्रांती म्हणजे डीलोड.

वासराचं गणित

सुरुवात करूया मायलोपासून. इसवी सनापूर्वीचं सहावं शतक, दक्षिण इटलीतलं क्रोटोन नावाचं ग्रीक शहर. तिथला हा मल्ल, ऑलिम्पिकची कुस्ती सहा वेळा जिंकलेला. त्याची दंतकथा तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलीच असेल. त्यानं एक वासरू रोज खांद्यावर उचललं. वासरू वाढत गेलं, तशी त्याची ताकदही वाढत गेली, आणि शेवटी त्यानं अख्खा बैल उचलला.

गोष्ट मस्त आहे. आता गणित करून बघा. समजा तुम्ही ४० किलोनं बेंच प्रेस सुरू केलं आणि दर आठवड्याला फक्त अडीच किलो वाढवलं. वर्षाला १३० किलोची वाढ. पहिल्या वर्षाअखेर १७० किलो आणि दुसऱ्या वर्षाअखेर ३०० किलो. आपल्या जिममध्ये तेवढ्या प्लेट्ससुद्धा नसतात! म्हणजे ही रेषा कुठेतरी वाकणार, हे नक्की. नवीन मुलाची पहिल्या काही महिन्यांतली प्रगती खरंच सरळ रेषेत जाते, म्हणून मायलो खरा वाटतो. नंतर रेषा वाकते, आणि आपल्याला वाटतं की आपणच कमी पडतोय.

गेरेनसची गोष्ट

रेषा वाकते हे ग्रीकांना कळलं होतं. त्यांच्या आखाड्यांत चार दिवसांचं एक चक्र चालायचं, टेट्राड नावाचं. पहिला दिवस तयारीचा, छोट्या आणि चपळ हालचालींचा. दुसरा दिवस पूर्ण ताकदीचा. तिसरा सैल, आरामाचा. चौथा मध्यम, डावपेचांचा. मग पुन्हा पहिला. म्हणजे आपण ज्याला आज जड-हलकं-मध्यम म्हणतो, तेच. विश्रांती आधीच ठरलेली, वेळापत्रकात बसवलेली.

याची माहिती आपल्याला मिळते ती फिलोस्ट्रेटस या लेखकाकडून. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात त्यानं 'जिम्नॅस्टिकस' नावाचा ग्रंथ लिहिला, व्यायाम आणि प्रशिक्षणावर. गंमत अशी की त्यानं टेट्राडचं कौतुक केलेलं नाही. त्यानं त्यावर टीका केली, आणि त्यासाठी एका मल्लाची गोष्ट सांगितली.

त्या मल्लाचं नाव गेरेनस. तो ऑलिम्पिक जिंकला. मग विजयाच्या आनंदात मित्रांबरोबर खाणं-पिणं झालं, जागरण झालं. दुसऱ्या दिवशी आखाड्यात आल्यावर त्यानं प्रशिक्षकाला सरळ सांगितलं, आज अंगात बरं वाटत नाही. प्रशिक्षक भडकला. चक्र मोडलंस म्हणून त्यानं गेरेनसला आणखीच कडक मेहनत करायला लावली. त्या मेहनतीतच गेरेनस मेला.

फिलोस्ट्रेटस पुढे जे म्हणतो त्याचा मतलब असा, की खेळाडू काही बोलला नसता तरी कोणता व्यायाम द्यायचा हे प्रशिक्षकाला दिसायला हवं होतं. इथे तर तो स्वतःच्या तोंडानं बोलला होता.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. टेट्राडमध्ये विश्रांतीचा दिवस होता. नियोजन होतं. तरी माणूस गेला, कारण 'आराम ठरलेल्या दिवशीच, मध्ये नाही' असा त्या नियोजनाचा अर्थ लावला गेला. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला कामाला येणार आहे.

उंदीर आणि फसवा टप्पा

आता एक मोठी उडी मारूया, १९३६ सालात. 'शरीराचं ऐका' एवढं सांगून भागतं का, याचं उत्तर इथे मिळतं.

व्हिएन्नात जन्मलेला हान्स सेल्ये हा तरुण शास्त्रज्ञ मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करत होता. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर' नियतकालिकात त्याचं एक छोटंसं पत्र छापून आलं. उंदरांना त्यानं वेगवेगळे त्रास दिले होते. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, औषधांचे डोस, आणि त्या यादीत अतिव्यायामसुद्धा होता. त्रास कुठलाही असो, शरीराचा प्रतिसाद सारखाच दिसला आणि तो तीन टप्प्यांत आला.

पहिला टप्पा धोक्याच्या घंटेचा. शरीर हादरतं. दुसरा टप्पा प्रतिकाराचा. त्रास चालूच असतो, पण शरीर जुळवून घेतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्रास थांबलाच नाही, तर एक ते तीन महिन्यांनी तिसरा टप्पा, प्रतिकार संपतो. आणि या शेवटच्या टप्प्याची लक्षणं पहिल्या टप्प्यासारखीच असतात.

सेल्येचे उंदीर काही स्क्वॉट मारत नव्हते, त्यामुळे हे जसंच्या तसं जिमला लावता येत नाही. पण पुढच्या पिढ्यांतल्या कोचेसनी हे चित्र उचललं, आणि त्यांना त्यात दुसरा टप्पा महत्त्वाचा वाटला. तो फसवा आहे. आत हिशोब साठत असतो आणि बाहेर प्रगती चालू असते. म्हणजे 'शरीर सांगेल तेव्हा थांबू' हा नियम चांगला आहे, पण शरीर कधीकधी उशिरा सांगतं. कॅलेंडरची गरज इथे सुरू होते.

हेलसिंकी, १९५२

हा पुढचा थांबा आपल्या घरचा आहे. १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेला हा मल्ल, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारा. फ्रीस्टाइल बँटमवेट गटात कांस्य.

त्या पदकामागची एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबर खाशाबांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्हशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी मॅटजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. सुवर्ण इशीला, रौप्य ममेदबेकोव्हला.

आपल्या तालमींना विश्रांतीचं महत्त्व माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पहाटेची मेहनत, मग खुराक, मग दुपारची झोप, ही पैलवानाची दिनचर्याच असते. झोप म्हणजे आळस, असं कुठलाही वस्ताद म्हणणार नाही. हेलसिंकीत कमी पडलं ते ज्ञान नव्हतं. विश्रांतीचा नियम कागदावर होता, त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस नव्हतं. आणि दमलेल्या माणसाकडून त्या क्षणी वाद घालण्याची अपेक्षा कशी करणार?

सोव्हिएत संघ त्याच हेलसिंकीत पहिल्यांदा ऑलिम्पिकला उतरला होता. वेटलिफ्टिंगमध्ये त्यांनी तीन सुवर्णं नेली. त्यानंतरच्या काळात तिथे खेळाडूंच्या सरावाच्या नोंदींचा पद्धतशीर अभ्यास झाला. साठच्या दशकाच्या मध्यावर लेव्ह मात्वेयेव्ह या शास्त्रज्ञानं त्यातून एक पुस्तक उभं केलं, सरावाचं वर्ष कसं वाटायचं याचं. पंचवार्षिक योजना चालवणारा देश तो, त्यानं घामाचीही योजना केली! वर्षाचे तीन भाग. तयारीचा काळ, स्पर्धेचा काळ आणि संक्रमणाचा काळ. यातला तिसरा म्हणजे ठरवून घेतलेली विश्रांती, पण लोळत पडून नाही. पोहणं, चालणं, हलके खेळ. शिवाय आठवड्या-आठवड्यातही भार लाटेसारखा, चढ आणि उतार.

इथे विश्रांतीचा दर्जा बदलला. तोपर्यंत ती मेहनतीची कमतरता होती. आता ती मेहनतीचाच एक भाग झाली, तक्त्यात स्वतःचा रकाना असलेली.

एका समीकरणात सगळं

माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त पटलेला टप्पा मात्र कॅनडातला. १९७५ मध्ये एरिक बॅनिस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मॉडेल मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक व्यायामानंतर शरीरात दोन गोष्टी जमा होतात. एक फिटनेस, दुसरा थकवा. तुमची आजची कामगिरी म्हणजे फिटनेस वजा थकवा. दोन्ही हळूहळू ओसरतात, पण थकवा लवकर ओसरतो आणि फिटनेस उशिरा.

हे मॉडेल वापरताना फिटनेससाठी ४५ दिवस आणि थकव्यासाठी १५ दिवस असे स्थिरांक बऱ्याचदा घेतात. घेऊन बघूया. समजा आज तुमचा फिटनेस १०० आहे आणि थकवा ६०. कामगिरी ४०. आता एक आठवडा पूर्ण विश्रांती. सात दिवसांनी फिटनेस उरतो साधारण ८६ आणि थकवा साधारण ३८. कामगिरी ४८. काहीही न करता आठ गुण वाढले!

अर्थात, ती वाढ विश्रांतीनं बनवलेली नाही. ती आधीच कमावलेली होती, थकव्याखाली दबली होती. आणखी महिनाभर झोपून राहिलात तर फिटनेसही ओसरेल आणि आकडा पुन्हा खाली येईल. हे मॉडेल ढोबळ आहे, प्रत्येकाचे स्थिरांक वेगळे. पण सुट्टीवरून आल्यावर बार अचानक हलका का वाटतो, ते यातून कळतं.

दुसरी बाजू: बल्गेरिया

आता कोणीतरी म्हणेल, "अरे, बल्गेरियाचे लिफ्टर्स तर रोज जड उचलायचे!" बरोबर आहे, आणि हे टाळून चालणार नाही.

इव्हान अबाजिएव्ह या कोचनं बल्गेरियात जवळजवळ उलटा रस्ता धरला. दिवसातून अनेक सत्रं, मोजकेच व्यायामप्रकार, आणि जवळपास रोज कमाल वजन. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये या छोट्या देशानं वेटलिफ्टिंगची तीन सुवर्णं घेतली. जग थक्क झालं.

पण ती मुलं पूर्णवेळ खेळाडू होती. खाणं, झोप, मालिश, डॉक्टर, सगळं सरकारचं. जे त्या चरकातून टिकले त्यांचे फोटो आपण बघतो, जे गळाले त्यांचे फोटो नाहीत. आणि १९८८ च्या सेऊलमध्ये बल्गेरियाच्या दोन सुवर्णविजेत्यांच्या तपासणीत फ्युरोसेमाइड हे बंदी असलेलं औषध सापडलं, पदकं गेली, आणि त्यांनी उरलेला वेटलिफ्टिंग संघ माघारी घेतला. त्या पद्धतीचं सगळं यश औषधांचं होतं, असा निष्कर्ष मी यावरून काढणार नाही. पण सकाळी स्टँडअप कॉल, रात्री साडेनऊला जिम आणि साडेपाच तास झोप असलेल्या माणसानं तो तक्ता स्वतःला लावू नये, एवढं मात्र नक्की म्हणेन.

चौथा आठवडा

सामान्य माणसाच्या वहीत हलका आठवडा पोचला तो अलीकडे. २००९ मध्ये जिम वेंडलर या अमेरिकन पॉवरलिफ्टरचा ५/३/१ हा प्रोग्रॅम आला. रचना अगदी सोपी. तीन आठवडे भार चढत जातो. तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा सेट ठरवलेल्या वजनाच्या ९५ टक्क्यांवर असतो. आणि चौथ्या आठवड्यात? ४०, ५० आणि ६० टक्के. तुम्हाला कसं वाटतंय हा प्रश्नच नाही, चौथा आठवडा हलका.

मग स्नायू जाणार नाहीत का? ही भीती सगळ्यांना असते. जपानमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. नवख्या तरुणांचे दोन गट. एक गट सलग २४ आठवडे बेंच प्रेस करत राहिला. दुसरा गट सहा आठवडे सराव, मग तीन आठवडे पूर्ण बंद, असं करत गेला. म्हणजे व्यायाम एकूण १८ आठवडेच. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची वाढ जवळपास सारखीच निघाली.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ आठवड्यांच्या सरावाच्या मधोमध एका गटाला आठवडाभर पूर्ण सुट्टी दिली. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखी झाली, पण पायांची ताकद न थांबलेल्या गटात थोडी जास्त वाढली. म्हणजे डीलोड ही जादू नाही. एखादा आठवडा थांबल्यानं ताकद दुप्पट होत नाही, आणि कमावलेलं वाहूनही जात नाही. त्याचा खरा फायदा हा, की तुम्ही दोन वर्षांनीही जिममध्ये असता.

मग ठरवणार कोण?

मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसत्या शरीरावर सोडलं तर दुसऱ्या टप्प्याचा धोका, शरीर उशिरा बोलतं. नुसत्या कॅलेंडरवर किंवा कोचवर सोडलं तर गेरेनसचा धोका.

माझं उत्तर असं आहे: कॅलेंडर किमान ठरवतं, कमाल नाही. वहीतला हलका आठवडा कितीही भारी वाटत असलं तरी घ्यायचा, तो पुढे ढकलायचा नाही. आणि त्याशिवाय शरीरानं मध्येच आणखी विश्रांती मागितली तर तीही द्यायची. शरीर जास्त मागू शकतं, पण ठरलेल्यातलं कमी करू शकत नाही. गेरेनसच्या प्रशिक्षकानं नेमकं उलट केलं. ठरलेला आराम त्यानं कमाल मानला.

करायचं कसं? दर चार ते सहा आठवड्यांनी एक आठवडा निवडा. परीक्षा, रिलीज, लग्नाचा सीझन, गावची जत्रा, जे आधीच माहीत आहे त्याच्यावर बसवा. त्या आठवड्यात व्यायाम तेच ठेवा, सेट निम्मे करा, वजन थोडं उतरवा, आणि अंगात बरीच ताकद शिल्लक असतानाच बार रॅकवर ठेवा. वाचलेल्या वेळात झोपा. नवीन असाल, पहिलेच काही महिने असतील, तर एवढ्या लवकर गरजही पडणार नाही. आणि सांध्यात टिकून राहणारं दुखणं, छातीत दुखणं किंवा जड व्यायामानंतर लघवीचा रंग चहासारखा गडद होणं, यातलं काही असेल तर तो डीलोडचा विषय नाही, डॉक्टरचा आहे. तेही लगेच.

शेवटची एक विनंती. खाशाबांकडे नियम होता, बाजूनं बोलणारं माणूस नव्हतं. तुमचा जिमचा जोडीदार "आज अंगात जोर नाही रे" म्हणाला, तर "चल ना भावा, एक सेट" म्हणायच्या आधी दोन सेकंद थांबा. त्या क्षणी मॅटजवळचे त्याचे अधिकारी तुम्हीच आहात.

आणि ती स्ट्रीक? तुटू द्या. तो दोन-चार ओळींचा कोड आहे, त्याला काही वाटणार नाही.

तुमच्या वहीत शेवटचा हलका आठवडा कधी लिहिला होता ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर मजेत राहा, आणि जमलं तर आज लवकर झोपा!